ओपनरिफाइन सात महिने वापरल्यावर: डब्ल्यूचा वाघ, व्हीचा वाघ

विट्याजवळ आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. जूनमध्ये, पेरणीच्या ऐन गर्दीत, वाघ तात्या आले आणि पावती काउंटरवर आपटून म्हणाले, "पैसं भरल्यावर बी फोन करताय व्हय?" चूक आमचीच होती. इंग्रजी स्पेलिंगमुळे उधारी व्हीच्या वाघवर पडलेली आणि जमा डब्ल्यूच्या वाघवर. माणूस एक, खाती दोन.

बिलिंग सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. "स्पेलिंग वेगळं म्हणजे ग्राहक वेगळा. डुप्लिकेटचं मॉड्यूल हवं असेल तर नऊ हजार, वर जीएसटी." नऊ हजारांत युरियाच्या 33 गोण्या येतात. फोन ठेवला.

पुतण्याने आधी साउंडेक्स चालवून पाहिलं. उच्चारावरून नावं जुळवायची, 1918 च्या अमेरिकन पेटंटमधली ही पद्धत: पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर गाळायचे, बाकीच्यांचे तीन आकडे करायचे. लक्ष्मीची एक्सवाली आणि केएसवाली अशी दोन्ही स्पेलिंगं तिने बरोबर एकत्र आणली. पण सुरेश, शिरीष, सूरज आणि सारिका या चौघांनाही तिने एस620 असा एकच नंबर दिला. आणि वाघ? ते दोनच राहिले, कारण पहिलं अक्षरच वेगळं.

मग ओपनरिफाइन घेतलं, म्हणजे याद्यांमधली गडबड साफ करायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, आपल्याच कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये चालतं, गिऱ्हाइकांची यादी बाहेर जात नाही. इन्स्टॉल कसं करायचं ते सांगत बसत नाही. पहिल्या संध्याकाळी त्यातल्या फिंगरप्रिंट नावाच्या पद्धतीने 4,300 खात्यांतून 190 जोड्या काढून दिल्या. आडनाव आधी की नंतर, मध्ये स्वल्पविराम आहे की टिंब, तिला फरक पडत नाही. त्या दिवशी लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते.

चार दिवसांनी दोन संजय पाटील मी खुशाल एक करून टाकले. निघाले चुलत भाऊ. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला, हे आमच्या भागात चालत नाही. तेव्हापासून नाव, वडिलांचं नाव आणि गाव असा जोडलेला कॉलम करूनच क्लस्टर (सारख्या नोंदींचे गट) लावतो. (मोबाइल नंबरावरून का नाही, असं विचाराल. एकाच नंबरावर तीन भावांची खाती आहेत, आणि नंबर पुण्यातल्या मुलाचा.)

आता माझ्या दुखण्याकडे येतो. डब्ल्यू-व्ही काही सुटेना. दिवाळीनंतर सहज म्हणून ओपनरिफाइनमधल्या पद्धतींपैकी डाइच-मोकोटॉफ निवडली. 1985 मध्ये पूर्व युरोपातल्या ज्यू आडनावांसाठी केलेली. आमच्याशी तिचा काय संबंध? पण तीही अक्षरांना आकडे देते, आणि तिच्यात डब्ल्यू आणि व्ही दोघांनाही सातच! वाघ एक झाले, पीएचचे आणि एफचे फडकेही एक झाले. मी दुकानात एकटाच हसलो.

पण सात नंबर तिने बी आणि पीलाही देऊन ठेवलाय. त्यामुळे पवार आणि बाबर तिला एकच. आमच्या तालुक्यात हे मोठ्याने म्हणून बघा! म्हणून जोडी दिसली की आधी वही उघडतो, मग टिक करतो.

मराठीत टाइप केलेल्या खात्यांचं वेगळंच. कऱ्हाडेमधला ऱ्ह कोणी ऱ वापरून टाइप केलेला, तर कोणी र नंतर न दिसणारं जोडअक्षरी चिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. त्यासाठी लेव्हेनश्टाइन अंतर, म्हणजे एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते मोजणं, कामी आलं. हळू आहे, पण जोड्या सापडतात.

आणि एक, जे मला उशिरा कळलं: यातलं "मर्ज" फक्त मजकूर सारखा करतं. खाती एक होत नाहीत. उधारी-जमा हलवायची ती बिलिंगमध्ये हातानेच, रोज दुपारी ऊन उतरेपर्यंत. चुकलं तर यादीतला बदल अनडू करता येतो, म्हणून चार तारे देतो. वाघ तात्यांचं खातं ऑगस्टमध्येच हाताने एक केलं होतं. परवा ते म्हणाले, "आता माझ्या पोराचं बी त्यातच घाला." त्यांना म्हटलं, तात्या, ते मात्र वेगळंच राहू द्या.