निपाणीत साधं टर्नटेबल आणि जुना ट्यूनर: पावसाळा-उन्हाळा काढल्यावर

ज्यांना आधी निकाल हवा त्यांच्यासाठी: टर्नटेबल म्हणजे रेकॉर्ड प्लेअर साधं पण नवं घ्या, ट्यूनर म्हणजे ॲम्प्लिफायरला जोडायचा रेडिओ जुना चालतो, आणि वाचलेले पैसे सुई अन् एरियलवर घाला. यंत्राची पेटी किती चकचकीत आहे त्याने आवाजात काही फरक पडत नाही.

टर्नटेबल ऑडिओ-टेक्निकाचं एलपी६०एक्स आहे. बेल्टवर चालणारं, पूर्ण ऑटोमॅटिक. बटण दाबलं की हात आपणहून रेकॉर्डवर जातो आणि बाजू संपली की जागेवर परततो. आईला तेवढंच पुरलं, कारण सुईला हात लावायची तिला धास्ती. सुईवर पडणारा हाताचा भार कारखान्यातूनच ठरवून येतो, आपल्याला बदलता येत नाही. शौकीन मंडळी यावर नाक मुरडतात. मुरडू देत. वजनकाटा घेऊन बसायची हौस नसेल तर हेच बरं. सुई ज्यात बसते ते कार्ट्रिज तेच राहतं, सुई मात्र ओढून काढायची आणि नवी बसवायची. तीन-चारशे तास तिला मरण नाही. एलपीच्या दोन्ही बाजू मिळून चाळीस मिनिटं धरली, तर पाचशेच्या आसपास रेकॉर्डी झाल्या. आमच्याकडे तंबाखूच्या हंगामात हवेत बारीक धूळ असते. सुईखाली तिचा गोळा जमला की गाणाऱ्याचा 'स' फाटतो. मऊ ब्रश मागून पुढे एकदा फिरवला की काम होतं.

सूटकेससारखे स्वस्त प्लेअर दिसायला गोड असतात. पण त्यांतल्या बहुतेकांत सिरॅमिक कार्ट्रिज असतं आणि सुईचा भार पाच-सहा ग्रॅमपर्यंत जातो. माझ्या मते घरातल्या जुन्या रेकॉर्डी त्यावर लावू नयेत.

जोडणीत एकच गोष्ट सांभाळा. मागे फोनो (सुईचा मूळ बारीक सिग्नल) आणि लाइन (आतच वाढवलेला सिग्नल) असा खटका आहे. ॲम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये, म्हणजे साध्या तोंडात, वायर घालणार असाल तर खटका लाइनवर हवा, नाहीतर आवाज डासासारखा बारीक येतो. ॲम्प्लिफायरला स्वतःचं फोनो तोंड असेल तर खटकाही फोनोवर. लाइन आणि फोनो एकत्र आले तर खर्ज नुसता घुमतो आणि आवाज फाटतो. टर्नटेबल लाकडी कपाटावर ठेवलं तर घरात कोणी चाललं तरी सुई उडते. भिंतीत बसवलेल्या कडाप्प्यावर ते प्रकरण मिटलं. स्पीकर मात्र त्याच कडाप्प्यावर नकोत.

आता ट्यूनर. इथे स्वस्तात मस्त मिळतं, आणि फसायलाही इथेच होतं. कोल्हापूरला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात ट्यूनर दिसला की आधी उलटा करून तो कुठल्या देशासाठी बनवलाय ते वाचा. फक्त जपानसाठी बनवलेल्या जुन्या ट्यूनरचा एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढाच. आपलं कोल्हापूर केंद्र १०२.७ वर, म्हणजे तो पट्टाच त्यात नाही. अमेरिकेसाठीचा डिजिटल ट्यूनर मीडियम वेव्हवर १०-१० किलोहर्ट्झच्या उड्या मारतो. आपल्याकडे स्टेशनं ९-९ वर. धारवाड ७६५ आणि सांगली १२५१, दोन्ही त्याच्या उडीत सापडत नाहीत. मागे ९/१० चा खटका असेल तर बिनधास्त घ्या. काटा फिरवायचा डायल असेल तर हा प्रश्नच नाही. परदेशी टर्नटेबललाही अशीच गोम असते. ६० सायकलच्या (हर्ट्झच्या) विजेसाठीची एसी मोटर आपल्या ५० सायकलवर हळू फिरते, मिनिटाला ३३ च्या जागी जेमतेम २८ फेरे. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, सायकल बदलत नाही. विकणारा 'ट्रान्सफॉर्मर लावा की, झालं' म्हणेल, त्याला मान डोलवू नका.

एरियलवर मी सगळ्यात कमी खर्च केला आणि फरक सगळ्यात जास्त पडला. साधारण सत्तर-सत्तर सेंटिमीटरच्या दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या, मधून टीव्हीची को-ॲक्सियल वायर, गच्चीवर. घरातल्या लोंबत्या वायरवर कोल्हापूर खरखरत यायचं. आता स्टिरिओचा दिवा लागतो तो विझत नाही. दक्षिणेकडे तवंदीचा घाट आडवा आहे, त्यामुळे बेळगावचं केएलई संस्थेचं एफएम स्टेशन वेणुध्वनी ९०.४ इथे मिळेल ही आशा मी कधी धरलीच नव्हती.

मीडियम वेव्हचं खरं सांगायचं तर एलईडी बल्ब, चार्जर आणि इन्व्हर्टर यांनी त्याची वाट लावली आहे. लाइट गेली आणि इन्व्हर्टर सुरू झाला की सांगलीच्या जागी नुसती घरघर. ट्यूनरसोबत येणारी मीडियम वेव्हची चौकोनी लूप एरियल हळूहळू फिरवली तर एका कोनात घरघर बरीच दबते. रात्री लांबची स्टेशनं धारवाडवर चढतात, त्याला इलाज नाही. नुसत्या सांगलीच्या कार्यक्रमांसाठी ट्यूनर घेत असाल तर नका घेऊ, आकाशवाणीचं ॲप मोबाईलवर जास्त स्वच्छ वाजतं. ट्यूनरचे पैसे एफएमवर वसूल होतात.

पावसाळ्यात रेकॉर्डींच्या आतल्या कागदी पाकिटांना बुरशी धरली. पाकिटं बदलली आणि रेकॉर्डी डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचा एक थेंब टाकून लेबल कोरडं ठेवत धुतल्या. उन्हाळ्यात त्या उभ्याच ठेवायच्या आणि पत्र्याच्या खोलीत अजिबात नाही. आडव्या थप्पीत त्या वाकतात.

घरात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या असतील, आणि आपल्या भागात जुन्या वाड्यांतून नाट्यगीतांच्या त्या निघतातच, तर हे टर्नटेबल त्यांच्यासाठी नाही. यावर फक्त ३३ आणि ४५. शिवाय ७८ ची खाच रुंद असते. तिला तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड सुई लागते, एलपीची सुई पाऊण मिलचीही नसते. तीन वेगांचं यंत्र आणि वेगळी सुई घ्यायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा. आणि त्या लाखेच्या तबकड्या स्पिरिटने पुसू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते.