घरी गाणी बर्न करायला कुठली सीडी घ्यायची, माझा अनुभव

बाबांच्या जुन्या गाडीत अजून सीडी प्लेअरच आहे आणि फोंड्याहून पणजीला जाता-येता त्यांना नाट्यसंगीत लागतंच, म्हणून डाउनलोड केलेली गाणी मी घरीच बर्न करून (म्हणजे कॉम्प्युटरवरून कोऱ्या सीडीवर उतरवून) देतो. आधी म्हापशाच्या बाजारातून बिनब्रँडच्या 50 डिस्कचा डबा स्वस्तात आणला आणि पस्तावलो. पहिल्याच पावसाळ्यात चार-पाच डिस्कचा चंदेरी थर कडेने पापुद्र्यासारखा सुटला, खिडकीकडे धरली की आरपार उजेड दिसायचा, बाबा एवढे हिरमुसले की मलाच वाईट वाटलं. आणि हो, खालच्यापेक्षा वरची लेबलची बाजू जास्त नाजूक असते, तो चंदेरी थर तिथेच पातळ लॅकरखाली असतो, बॉलपेनने नाव लिहू नका प्लीज, सीडी मार्कर घ्या.

आता व्हर्बेटिम कंपनीची सीडी-आर (एकदाच लिहिता येणारी) घेतो, 700 एमबी, 80 मिनिटंवाली. दोन वर्षं झाली, एकही अडकली नाही. सीडी-आरडब्ल्यू नको, ती पुसून परत वापरता येते खरी, पण प्रकाश कमी परावर्तित करते म्हणून कित्येक जुने प्लेअर ती वाचतच नाहीत.

प्लेअर एमपी3 घेत नसेल तर ऑडिओ सीडी (दुकानातल्या गाण्यांच्या सीडीसारखी) म्हणूनच बर्न करा, मग फाइल कितीही छोटी असो, 80 मिनिटंच बसणार. एमपी3 घेत असेल तर मजाच, 128 केबीपीएसची (सेकंदाला 128 किलोबिट) 12 तासांची गाणी एकाच डिस्कवर! बर्न करायचा स्पीड मी 16एक्स (वाजण्याच्या वेगाच्या 16 पट) ठेवतो, आणि डिस्क सिलिका जेलच्या पुड्या टाकून स्टीलच्या डब्यात, कपाटात वरच्या खणात.