ब्लेडस्मिथ गिल्डची मेंबरशिप नवख्याने घ्यावी का? माझा अनुभव

चाकू बनवायला नुकतीच सुरुवात केलेले बरेच जण विचारतात की व्हिडिओ बघून सगळं शिकता येतं तर गिल्डला (म्हणजे चाकू घडवणाऱ्यांच्या संघटनेला) फी कशाला भरायची, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. गिल्डचं नाव देत नाही कारण तक्रारी पण आहेत.

पैसे वसूल झाले ते तोडफोडीच्या सेशनला. प्रत्येकाने आपल्या स्टीलच्या पट्टीचा छोटा तुकडा तापवून तेलात विझवायचा आणि टेम्पर (मंद तापवून ठिसूळपणा कमी करणं) न करताच व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात धरून हातोडीने मोडायचा (चष्मा लावून हं, तुकडा कुठेही उडतो). मग सीनियर लोक मोडलेली बाजू उजेडात धरून बघतात. माझ्या शेजारच्याचा तुकडा आतून साखरेसारखा दाणेदार चमकत होता, म्हणजे भट्टीत जास्त तापला, ग्रेन (स्टीलचा आतला दाणा) वाढला, असं पातं दिसायला झकास असलं तरी कधी दगा देईल नेम नाही. मग त्याच पट्टीचा दुसरा तुकडा घेतला, लाल करून हवेत गार होऊ दिला, परत तसंच, दरवेळी आधीपेक्षा थोडं कमी तापवत, आणि शेवटी विझवून मोडला तर आतून एकसारखा राखाडी, दाणा दिसेचना. यालाच नॉर्मलायझिंग म्हणतात, ते का करायचं हे कितीही ऐकलं तरी डोक्यात शिरत नव्हतं, ते तिथे पाच मिनिटांत शिरलं.

मॅग्नेटचं पण तसंच. पातं मॅग्नेटला चिकटायचं थांबलं की झालं, असं सगळे सांगतात, पण ते साधारण ७७० डिग्री सेल्सिअसला होतं आणि १०८४ स्टीलला (हे साधं कार्बन स्टील) ८१५ च्या आसपास न्यावं लागतं, म्हणजे मॅग्नेट सुटल्यावर अजून थोडं, आणि ते थोडं म्हणजे नेमका कुठला रंग हे कुणीतरी बाजूला उभं राहून "आता काढ" म्हटल्याशिवाय कळत नाही. भर उन्हात तर रंग दिसतच नाही, म्हणून भट्टी सावलीत ठेवलेली. नवख्यांना १०८४ च घ्यायला लावतात ते बरोबरच आहे, साध्या कोमट तेलात पण नीट कडक होतं. विझवल्यावर कानस फिरवून बघायची, न चावता घसरली तर पातं कडक झालं, मग लगेच २०० डिग्रीला दोन दोन तास दोनदा टेम्पर.

लेव्हल्सचं म्हणाल तर आमच्याकडे अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीचा कित्ता गिरवलाय. ती संस्था १९७६ ची, तिथे अप्रेंटिस, जर्नीमन आणि मास्टर अशा तीन पायऱ्या आहेत. जर्नीमनच्या टेस्टला एकाच चाकूने १ इंच जाडीचा लटकता दोर एका घावात तोडायचा, २ बाय ४ इंची म्हणतात ती लाकडी पट्टी दोनदा तोडायची, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत, आणि सरतेशेवटी पातं व्हाइसमध्ये धरून ९० अंशात वाकवायचं. चाकू गेला कामातून, पण धार कडक आणि पाठ चिवट ठेवणं जमलंय का हे असं बरोबर बाहेर पडतं. फिनिशिंगसाठी पाच चाकू वेगळे तपासतात.

आता तक्रारी. मेंटर मिळेल असं फॉर्म भरताना सांगितलं होतं, मिळाला तोवर माझा अर्धा उत्साह मावळला होता. माणूस मात्र हिरा निघाला, न बोलता चाकू खिडकीशी नेऊन नुसता हलवायचा, की चकाकत्या पॉलिशखाली राहिलेले १२० ग्रिटच्या (जाड्याभरड्या) पॉलिश पेपरचे ओरखडे आपोआप दिसायचे आणि आपण गुपचूप परत पेपर घेऊन बसायचं! बेल्ट ग्राइंडरला कायम रांग. धुळीचा मास्क सक्तीचा नाही हे तर मला अजिबात पटलं नाही, स्टीलची आणि मुठीच्या लाकडाची धूळ फुफ्फुसात जाते, हे जुन्याजाणत्या लोकांना काय सांगायचं? वर ठोकून घडवलेला चाकू खरा आणि पट्टी घासून केलेला खोटा हा वाद दर मीटिंगला. चहा गार होतो, वाद काही गार होत नाही.

घरी ठोकायला जागा किंवा गिल्डमध्ये ओपन फोर्ज डे (मेंबरांना भट्टी वापरायला मिळते तो दिवस) असेल तरच मेंबर व्हा, नुसत्या सर्टिफिकेटसाठी नको. फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या, मेंटर कधी देणार आणि भट्टी महिन्यातून किती वेळा पेटते. मी रिन्यू करतोय, पाचपैकी साडेतीन स्टार, मास्क सक्तीचा केला की चार देईन.