जुन्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी तयार सिरीज बोर्ड: घ्यावा, पण आधी उघडून बघावा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा सिरीज बोर्ड म्हणजे होल्डर, सॉकेट आणि स्विच; होल्डरमधला बल्ब सॉकेटशी सिरीजमध्ये असतो, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला जाणारा करंट बल्बमधूनच जातो. वर्षानुवर्षं बंद पडलेला अ‍ॅम्प्लिफायर थेट २३० व्होल्टवर लावण्यापेक्षा हा शंभर पटीनं बरा, आणि व्हेरिअ‍ॅकपेक्षा (व्होल्टेज हळूहळू वाढवता येणारा ट्रान्सफॉर्मर) खूप स्वस्त.

बल्ब १०० वॉटचा, फिलामेंटचाच हवा. एलईडी इथे कामाचा नाही. गार फिलामेंटचा रोध अगदी कमी असतो, तापला की दहापटीच्या आसपास वाढतो, आणि त्यामुळेच करंट आपोआप आवरला जातो. अ‍ॅम्प्लिफायर ठीक असेल तर बल्ब क्षणभर लखकन पेटतो, पॉवर सप्लायमधले वीज साठवणारे फिल्टर कपॅसिटर भरले की मंदावतो. तसाच जळत राहिला तर ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर (जुन्या सेटमध्ये बहुधा २एन३०५५) शॉर्ट समजा.

आता तक्रारी. स्वस्त बोर्डात अर्थिंग सॉकेटपर्यंत नेलेलं नसतं आणि कधी कधी स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर असतो. हे धोक्याचं आहे. तीन कोअरची १ चौ. मिमी वायर आणि २ अँपिअरचा फ्यूज घालून घ्याच. शिवाय हा बोर्ड शॉकपासून वाचवत नाही, म्हणून आत हात घालण्याआधी प्लग काढा, कपॅसिटर १०० ओहम, १० वॉटच्या रेझिस्टरनं रिकामे करा आणि मीटरनं खात्री करून घ्या.

स्पीकर जोडण्याआधी टर्मिनलवरचा डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. बायस (सिग्नल नसताना आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट) मात्र बोर्ड बाजूला ठेवून, थेट पूर्ण व्होल्टेजवरच लावा.