मोमॉक्स: मडक्यांचे आकार मोजून गट पाडणारं मोफत सॉफ्टवेअर, केशवनगरच्या माठांवर आणि इनामगावच्या वाडग्यांवर तपासलेलं

खापरांची रेखाटनं करणं हे माझं काम. पुरातत्त्वाचे विद्यार्थी पिशव्या भरून खापरं आणतात. मी काठ व्यासाच्या तक्त्यावर टेकवते, प्रोफाइल गेजनं बाहेरची रेषा उचलते, कॅलिपरनं जाडी घेते आणि आलेखाच्या कागदावर अर्धा छेद, अर्धं बाहेरचं रूप असं चित्र उतरवते. गट पाडायची वेळ आली की मात्र सगळी भिस्त नजरेवर. एकाच टेबलाशी बसलेल्या दोन जाणकारांपैकी एकाला जो घडा उभट गळ्याचा वाटतो, तोच दुसऱ्याला पसरट तोंडाचा वाटतो, आणि दोघांचंही म्हणणं पटतं. आकार आकड्यांत धरता आला तर हा वाद निदान मुद्द्यावर येईल, म्हणून मोमॉक्स घेतलं. उन्हाळाभर वापरलं. मला ते मनापासून आवडलं आहे, पण खापरांच्या कामाला ते जसंच्या तसं लावू नये.

मोमॉक्स हे ‘आर’ या संख्याशास्त्राच्या भाषेतलं पॅकेज आहे. व्हिन्सेंट बोनॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते लिहिलं, त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. आर आणि मोमॉक्स दोन्ही फुकट, साध्या लॅपटॉपवर चालतात. बटणं दाबून काम होत नाही, आज्ञा टाइप कराव्या लागतात. ज्याला एक्सेलच्या पुढे कधी जावं लागलं नाही त्याला सुरुवातीला जड जाईल. माझ्या भाच्यानं शेजारी बसून शिकवलं नसतं तर मीही कंटाळून सोडलं असतं. सरावासाठी सोबत ४० बाटल्यांच्या बाह्यरेषा येतात, २० बिअरच्या आणि २० व्हिस्कीच्या. बाटलीलाही गळा, खांदा, पोट आणि बूड असतंच, त्यामुळे मडक्यांची सवय असलेल्या माणसाला हा सराव लगेच कळतो.

काम चालतं ते असं. भांड्याचं चित्र पांढऱ्या पार्श्वभूमीवर भरीव काळं करून द्यायचं. सॉफ्टवेअर त्याची बाह्यरेषा काढतं आणि फूरिए पद्धतीनं, म्हणजे साध्यापासून बारीक होत जाणाऱ्या लहरींत, तिचे तुकडे पाडतं. या लहरींना हार्मोनिक म्हणतात. ही रीत कुल आणि जार्डिना यांनी १९८२ साली मांडली. पहिल्या पायरीला नुसतं लंबवर्तुळ मिळतं, पुढच्या प्रत्येक हार्मोनिकबरोबर खांदा, गळा, बुडाचा सपाटपणा अशी भर पडत जाते. शेवटी प्रत्येक भांड्यामागे आकड्यांची एक ओळ तयार होते आणि त्या ओळींवर प्रमुख घटक विश्लेषण करता येतं, म्हणजे ढीगभर आकड्यांतले मुख्य फरक एका आलेखावर आणता येतात. आलेखावर ठिपके दिसतात आणि मागे फिकट रंगात, त्या त्या जागी कोणता आकार येईल त्याची चित्रंही दिसतात. इथे हे सॉफ्टवेअर जिंकतं. उजवीकडे सरकलं की पोट फुगतं, वर गेलं की गळा उंचावतो, हे डोळ्यांना दिसतं, कोष्टक वाचावं लागत नाही.

जुन्या खापरांना हात लावण्याआधी उत्तर माहीत असलेल्या भांड्यांवर परीक्षा घ्यावी असं ठरवलं आणि पुण्यात मुंढव्याजवळ केशवनगरला कुंभारांकडे गेले. माठ, गाडगी, सुगडं, बोळकी, पणत्या, सगळ्यांचे एकाच उंचीवरून, एकाच अंतरावरून फोटो घेतले. पणत्या आलेखाच्या एका कोपऱ्यात स्वच्छ वेगळ्या पडल्या. सुगडं मात्र थेट माठांमध्ये जाऊन बसली. कारण साधं आहे: तुलना करण्याआधी सगळी भांडी एका मापाची करून घ्यायची रीत आहे, म्हणजे संक्रांतीचं वीतभर सुगड आणि पाण्याचा माठ यांच्यात फक्त बाह्यरेषेचा फरक उरतो, आणि तो फारच थोडा. ज्यांच्याकडे फोटो काढत होते त्या काकांना लॅपटॉपवर आलेख दाखवला. ते म्हणाले, “ताई, घडण एकच आहे की. पण माठाचं बूड थापटून वाढवावं लागतं, सुगड चाकावरच पुरं होतं. ते नाही होय दिसत यात?” नाही दिसत. थापटण्याच्या खुणा बाह्यरेषेत येत नाहीत. त्या आतल्या बाजूला बोट फिरवलं की कळतात. तेव्हापासून उंची आणि तोंडाचा व्यास मी वेगळ्या रकान्यात ठेवते आणि घडणीच्या खुणांसाठी आणखी एक रकाना करते. ज्यांना हे सॉफ्टवेअर वापरायचंय त्यांनी पहिल्या दिवसापासून असंच करावं.

मग इनामगाव, ताम्रपाषाण युगातली वस्ती. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात हे उत्खनन केलं आणि १९८८ मध्ये त्याचा अहवाल छापला. माळवा काळ इ.स.पू. १६०० ते १४००, पूर्व जोर्वे १४०० ते १०००, उत्तर जोर्वे १००० ते ७००, असे तीन थर. या जोर्वे काळातली भांडी ज्यांनी हातात घेतलीत त्यांना त्यांची ओढ सांगावी लागत नाही: बारीक मळलेली माती, पक्की भाजणी, टिचकी मारली की येणारा खणखणीत आवाज, तांबड्या अंगावर काळ्या रंगातली भौमितिक नक्षी, आणि वाडग्याच्या पोटाला आलेली ती ठसठशीत कड. अहवालातली काही अखंड भांड्यांची चित्रं स्कॅन करून, छेदाची रेषा आरशासारखी दुसरीकडे उलटवून, भरीव काळी केली. तोटीची भांडी तोटी वगळून घेतली, नाहीतर एका बाजूनं बाहेर आलेली तोटीच सगळा आलेख खेचून नेते.

इथे तीन गोष्टी खटकल्या, आणि तिन्ही कळल्याशिवाय कुणी निष्कर्ष काढू नयेत.

गोल पोटाची काही भांडी आलेखात उलटी दिसली, तोंड खाली, बूड वर. मूळ आज्ञेत पहिल्या लंबवर्तुळावरून दिशा ठरवायची सोय आहे. भांडं जवळजवळ गोलच असेल तर त्या लंबवर्तुळाला लांब बाजूच उरत नाही, मग दिशा कशीही ठरते. मोमॉक्सच्या मार्गदर्शिकेत याची सूचना दिलेली आहे, ती वाचावी. ही सोय बंद करून सगळी भांडी आधी सरळ उभी केली आणि रेषेची सुरुवात काठाच्या एकाच बिंदूपासून धरली की हा त्रास संपतो.

दुसरी गोष्ट हार्मोनिक किती घ्यायचे याची. एक आज्ञा सांगते की आकाराचा ९९ टक्के भाग पकडायला इतके पुरे. हा आकडा फार विश्वासानं घेतला जातो. पण काठ हा एकूण रेषेचा लहानसा भाग असतो, आणि काठाचा बाहेर वळलेला ओठ किंवा वाडग्याच्या पोटावरची ती कड उरलेल्या एका टक्क्यात सहज हरवते. जोर्वे वाडग्याची कड घासून गुळगुळीत झाली तर त्याच्यात जोर्वे असं काय राहिलं? मी पुनर्रचना केलेली रेषा मूळ चित्रावर ठेवून पाहते आणि कड टोकदार दिसेपर्यंत हार्मोनिक वाढवते. काठासाठी तर अख्ख्या भांड्याची बंद रेषा सोडून खुल्या रेषेची, म्हणजे फक्त काठापुरत्या तुकड्याची पद्धत वापरते, तीही मोमॉक्समध्ये आहे. हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटला, पण नवख्याच्या हाती तो सहजासहजी लागत नाही.

तिसरी गोष्ट झाडासारख्या आकृतीची, जिच्यात सारख्या आकाराची भांडी एका फांदीवर येतात. ते झाड गट पाडतंच, गट असोत वा नसोत. माझ्या चित्रांत वाडग्यांचे ठिपके सलग पसरले होते, मध्ये कुठे मोकळी जागाच नव्हती. तरी पाच गट मागितले की पाच मिळतात. भांडी मोजकी होती, त्यावरून इनामगावबद्दल मी काही म्हणणार नाही. पण कुणी या झाडाच्या आधारे प्रकार एक, प्रकार दोन असं लिहिलं तर शेजारी ठिपक्यांचा आलेख मागावा.

खरा अडसर सॉफ्टवेअरच्या बाहेर आहे. उत्खननात अखंड भांडी थोडी, फुटके काठच जास्त. काठाचा तुकडा कागदावर कितपत तिरका धरायचा यावर त्याचा वाडगा होतो की घडा हे ठरतं. तुकडा सपाट पृष्ठभागावर उपडा टेकवून, उजेडाची फट राहणार नाही असा बसवायचा असतो, आणि बोटभर रुंदीच्या तुकड्याला तेही नीट जमत नाही. तिथे चुकलेला कोन मोमॉक्स इमानदारीनं मोजतं आणि भांडं चुकीच्या गटात नेऊन ठेवतं. म्हणून फार लहान काठ मी यात घालतच नाही.

फोटो काढला की भांड्याचा प्रकार सांगणारं ॲप घ्या, असंही मला सुचवलं गेलं. युरोपात २०१६ ते २०१९ दरम्यान आर्कएड हा तसा प्रकल्प झाला, रोमन काळच्या आणि काही नंतरच्या खापरांसाठी. त्याच्या मुळाशी आधीच नावं दिलेल्या भांड्यांचा मोठा साठा आहे. दख्खनच्या खापरांसाठी तसा साठा आधी उभा करावा लागेल, आणि तो उभा करायला मोमॉक्ससारखं साधन योग्य आहे.

एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी हे जरूर घ्यावं. प्रबंधासाठी शंभर-दोनशे अखंड किंवा निम्म्याहून जास्त उरलेली भांडी असतील तर फारच उत्तम. मराठीत याची माहितीपुस्तिका माझ्या पाहण्यात नाही, इंग्रजी वाचायची तयारी ठेवा. शिकायला आधी बाटल्या घ्या, मग घरातली मडकी, खापरं सगळ्यात शेवटी. मी सध्या नेवाश्याच्या काठांची चित्रं खुल्या रेषेच्या पद्धतीनं बसवते आहे. कुणाकडे प्रवरेकाठची स्वच्छ, मापपट्टीसह काढलेली छेदचित्रं असतील तर मोमॉक्समध्ये घालून पाहायला मला हवी आहेत.