मोटरहोमचं पाणी आणि मिनेसोटाचा हिवाळा: गुलाबी अँटिफ्रीझ ऑक्टोबर ते मे वापरल्यानंतर

पंपाला जोडायची तीन तोंडांची झडप, तिची छोटी पारदर्शक नळी आणि गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ (पाण्याच्या पाइपांत भरायचं, थंडीत ते फुटू न देणारं द्रव), एवढ्या सामानावर आमच्या मोटरहोमने, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीने, अमेरिकेतल्या मिनेसोटाचा अख्खा हिवाळा काढला. मे महिन्यात पाणी सुरू केलं तेव्हा एकही जॉइंट गळला नाही. ज्यांची गाडी आमच्यासारखी घरापुढे उघड्यावर उभी असते, त्यांनी डोळे झाकून हीच पद्धत घ्यावी असं माझं ठाम मत झालं आहे.

गाडी क्लास सी (मध्यम आकाराचं मोटरहोम), पंप १२ व्होल्टचा, गीझर ६ गॅलनचा. इकडे ऑक्टोबरच्या मध्यापासून बऱ्याच कॅम्पग्राउंडचं पाणी बंद होतं आणि जानेवारीत पारा उणे २५ सेल्सिअसच्या खाली गेला तरी कुणाला नवल वाटत नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पेक्सचा, म्हणजे लवचीक प्लॅस्टिकचा पाइप थोडाफार ताण सोसतो. कडक प्लॅस्टिकचे एल्बो (वळणाचे जोड), फिल्टरचं भांडं, टॉयलेटची झडप, पंपाचं डोकं यांना ते जमत नाही. शिवाय हे सगळं बाकाखाली नाहीतर भिंतीमागे, त्यामुळे फुटलेलं कळतं ते थेट उन्हाळ्याच्या तोंडावर, पाणी सोडल्यावर.

आधी हिवाळ्यासाठी पाइपांतलं पाणी काढून अँटिफ्रीझ भरायचं हे काम आम्ही बाहेरून करून घ्यायचो. काम चांगलं व्हायचं, पण त्यानंतर चार दिवस छान ऊन पडलं आणि लेक सुपीरियर या सरोवरावर जाऊन यावंसं वाटलं, तर पुन्हा गाडी नेऊन सोडा, पुन्हा पैसे मोजा. झडप बसवल्यापासून ती अडचण संपली. परत आलो की अर्ध्या दुपारीत काम उरकतं.

आता प्रत्यक्ष काम. सांडपाण्याच्या दोन्ही टाक्या डम्प स्टेशनवर (अशा टाक्या ओतायच्या ठरलेल्या जागी) रिकाम्या करून यायचं. गीझर बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचा, पंप बंद, बाहेरचं पाणी तोडलेलं. मग आधी गीझरची प्रेशर रिलीफ झडप उघडायची आणि नंतरच खालचं बूच काढायचं. आमच्या गीझरला बुचाच्या जागी अॅनोड रॉड (गीझर गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी धातूची कांडी) आहे, त्याला १ १/१६ इंची सॉकेट लागतो. रॉड बाहेर आला की पाण्यासोबत पांढरा चुरा भसाभस पडतो. क्षाराचा आहे, घाबरू नका. तळाशी थोडं पाणी उरतं, पण त्याला फुगायला वर मोकळी जागा असते. त्यानंतर गीझरचा बायपास लावायचा, म्हणजे गीझरला वगळून पुढे जायचा मार्ग उघडायचा. हे विसरलात तर ६ गॅलन अँटिफ्रीझ नुसतं गीझर भरण्यात जातं. ताज्या पाण्याची टाकी आणि गाडीखालचे गरम-गार दोन्ही लो पॉइंट ड्रेन (पाइपांच्या सगळ्यात खालच्या जागची निचऱ्याची तोंडं) उघडून पाइप रिते करायचे, फिल्टरचं कार्ट्रिज काढून ठेवायचं आणि ड्रेन पुन्हा बंद करायचे.

मग झडप फिरवून नळी अँटिफ्रीझच्या कॅनमध्ये सोडायची आणि पंप चालू करायचा. मला हा भाग फार आवडतो. पारदर्शक नळीतून गुलाबी रेघ सरकत जाते आणि हवा संपली की पंपाचा खडखडाट दबून आवाज जड होतो. पंपापासून सगळ्यात जवळच्या नळापासून सुरुवात करायची. नळ आधी फुसफुसतो, मग पाणी, मग फिकट गुलाबी, आणि शेवटी कॅनमध्ये आहे तसाच गडद रंग. तो दिसला की गार बाजू झाली. आता गरम बाजू. असंच शॉवर, टॉयलेट आणि बाहेरचा शॉवर. बाहेरचा शॉवर बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही. नळाखालच्या प्रत्येक ट्रॅपमध्ये (सांडपाण्याच्या पाइपाच्या, पाणी साचणाऱ्या वाकड्या भागात) एक-दीड कप अँटिफ्रीझ ओतायचं. आम्हाला सगळं मिळून तीन गॅलनच्या आत लागतं.

कॉम्प्रेसरने हवा मारून पाइप कोरडे करणारे पुष्कळ आहेत. ४०-५० पीएसआय दाबाच्या वर न जाता केलं तर ती पद्धतही चांगली, स्वस्त आणि चवीचा प्रश्न न आणणारी. टेक्सासमधल्या मित्रांना मी तीच सुचवते. तिथेही थंडीला कमी लेखू नये. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीच्या लाटेत तिथल्या घराघरांत पाइप फुटले. पण पंपाच्या पोटात आणि पाइप खाली झुकतो तिथे हवेने पाणी पूर्ण निघालं की नाही, हे बाहेरून दिसत नाही. गुलाबी रंग दिसतो. आमच्या थंडीत मला डोळ्यांना दिसणारी खात्री हवी.

कॅनवर उणे ५० लिहिलेलं असतं ते फॅरनहाइटमध्ये, म्हणजे साधारण उणे ४६ सेल्सिअस. तो आकडा पाइप न फुटण्याचा आहे, न गोठण्याचा नव्हे. उरलेला कॅन गाडीतच ठेवला होता; जानेवारीत उघडला तर आत हातगाडीवर मिळणाऱ्या बर्फाच्या गोळ्यासारखा रवाळ गुलाबी चुरा. हे होणारच. तो चुरा घट्ट दगड होत नाही, म्हणून पाइप वाचतो. बाटली घेताना मात्र मागची बाजू वाचा. फक्त प्रोपिलीन ग्लायकॉल असलेलंच घ्या. अल्कोहोल मिसळलेलं स्वस्त मिळतं, पण ते रबरी सील कोरडे करतं आणि वास मागे ठेवतं. इंजिनात घालतात ते इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. ते पिण्याच्या पाइपांच्या आसपासही नको.

मे महिन्यातली धुलाई हा या पद्धतीचा खरा तोटा. नळातून बराच वेळ फेस येत राहतो आणि पाणी स्वच्छ दिसू लागल्यावरही गोडसर चव रेंगाळते. आम्ही लो पॉइंट उघडून आधी जमेल तेवढं बाहेर काढलं, मग टाकी भरभरून सगळे नळ सोडले. नंतर १५ गॅलनला पाव कप या हिशेबाने साधा, बिनवासाचा ब्लीच घालून ते पाणी प्रत्येक नळापर्यंत खेचलं आणि रात्रभर राहू दिलं. दुसऱ्या दिवशी परत धुतल्यावर चहात काही जाणवलं नाही. गीझरला बायपास असल्यामुळे तो यातून सुटला. अॅनोड रॉड मात्र झिजलेला होता म्हणून नवा घातला.

झडपेबद्दल तक्रार एकच: सोबतची नळी आखूड आहे, कॅनच्या तळाला पोचत नाही. त्याच मापाची लांब नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. बसवताना रबरी वॉशर जागेवर आहे ना ते बघा आणि हाताने घट्ट करा, पान्याने आवळू नका. तिथून हवा शिरली तर पंप नुसता फिरत राहतो, ओढत काहीच नाही. पंप पलंगाखाली असेल तर झडपेची मूठ तुमच्या हाताच्या बाजूला येईल अशी बसवा.