ऑटोइम्यून लिव्हर पॅनल: सर्व्हिस छान, रिपोर्ट अर्धवट

आईचं एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) सारखं वाढलेलं, हिपॅटायटिस बी-सी निगेटिव्ह, म्हणून शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर हल्ला करतेय का ते बघणारं हे रक्ततपासणीचं पॅनल डॉक्टरांनी लिहून दिलं. घरी रक्त घ्यायला आलेल्या मुलाचा हात इतका हलका की आईला सुई कळलीसुद्धा नाही. पण रिपोर्टात एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची अँटीबॉडी) नुसतं 'पॉझिटिव्ह', टायटर म्हणजे तिचं प्रमाण कुठाय? १:४० आणि १:६४० मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे हो, १:४० सारखं कमी टायटरचं एएनए तर धडधाकट माणसातही सापडतं. फोन केला तर म्हणे ते पॅकेजमध्ये नाही, वेगळे पैसे भरा! एसएमए, एलकेएम-१ या अशाच आणखी अँटीबॉडी आणि पीबीसीसाठीचं (लिव्हरमधल्या पित्तनलिकांचा ऑटोइम्यून आजार) एएमए-एम२ मात्र व्यवस्थित दिलंय. आयजीजी (रक्तातल्या या प्रकारच्या अँटीबॉडींचं एकूण प्रमाण) यात येत नाही, ते वेगळं सांगून करून घ्या. आणि बायोप्सी टळेल म्हणून करत असाल तर राहू द्या, आम्हाला तरी नंतर ती सांगितलीच. पाचपैकी तीन स्टार, त्यातला एक त्या मुलाचा.